कॉलेज बदला, पण शिक्षण तोडू नका

जून-जुलैचे दिवस आले की आमच्या चारकोपमध्ये घरोघरी एकच विषय असतो. कोणाला कुठे प्रवेश मिळाला, फी किती, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला की नाही. बारावी झालेल्या मुलामुलींची चौकशी सगळेच करतात. पण काही घरांत आणखी एक मूल असते आणि ते गप्प असते. त्याचे कॉलेजचे एक वर्ष झालेले असते. त्या कॉलेजात परत जाणे परवडत नाही, किंवा जावेसे वाटत नाही, आणि हे कोणाला सांगावे ते त्याला कळत नाही. मग रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर एखादी माउली मला बाजूला घेऊन विचारते, "ताई, मधेच कॉलेज बदलता येतं का हो? वर्ष वाया तर जाणार नाही ना?"

हा प्रश्न माझ्याकडे येतो, कारण त्या वाटेने मी स्वतः गेले आहे. १९९१ साली एफ.वाय.बी.ए. झाल्यावर मी दादरचे कॉलेज सोडले आणि एस.वाय.ला दुसरीकडे प्रवेश घेतला. म्हणून आज या पानावर माझ्या भगिनींशी आणि त्यांच्या लेकरांशी या विषयावर चार शब्द बोलावे असे वाटले.

आम्ही मूळचे नायगावच्या बीडीडी चाळीतले. एकशे साठ फुटांची खोली, तीही काकांच्या नावावर, आणि माणसे अकरा. बाबा गिरणीत होते. १९८२ च्या संपात त्यांची गिरणी गेली ती गेलीच. पुढे ते मालाडला एका कंपनीत वॉचमन म्हणून लागले. १९८५ साली जागतिक बँकेच्या कर्जावर मुंबईत जो नागरी विकास प्रकल्प सुरू झाला, त्यात म्हाडाने चारकोप आणि गोराई येथे गोरगरिबांसाठी लहान लहान भूखंड आखले. पस्तीस-पस्तीस घरांची एक सोसायटी, आणि भूखंडावर घर ज्याचे त्याने उभारायचे. लोक अजूनही त्याला 'वर्ल्ड बँक' म्हणतात. त्यातला पंचवीस मीटरचा एक तुकडा आमच्या बाबांना मिळाला. चार बाजूंना भिंती आणि वर सिमेंटचे पत्रे, एवढे झाल्यावर १९९१ च्या मे महिन्यात आम्ही नायगाव सोडून इथे राहायला आलो.

स्वतःचे घर झाले म्हणून आईला कोण आनंद! मलाही होता. पण नायगावहून दादरचे माझे कॉलेज चालत पंधरा मिनिटांवर होते. चारकोपहून तेच कॉलेज गाठायचे तर आधी चिखल तुडवत बसथांबा, मग कांदिवली स्टेशन, मग लोकल. पहिले लेक्चर सकाळी सात-वीसला. साडेपाचला घर सोडावे लागे. तेव्हा इथे रस्ते पुरते झाले नव्हते, दिवेही सगळीकडे नव्हते. खाडीकडची सखल जमीन, पावसात गुडघाभर पाणी. बाबा रात्रपाळीहून यायचे आणि तसेच मला थांब्यापर्यंत पोचवायला निघायचे. पंधरा दिवस असे चालले. सोळाव्या दिवशी बाबा तापाने आडवे झाले.

तेव्हा घरात बोलणे सुरू झाले. दादा म्हणाला, "एक वर्ष शिकली, पुष्कळ झालं. आता टायपिंगचा क्लास लाव. नाहीतर बाहेरून परीक्षा दे." दादा वाईट नव्हता. तो स्वतः दहावीनंतर कामाला लागला होता आणि घराच्या भिंतींचे कर्ज त्याच्या पगारातून फिटत होते. नात्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "पोरीची जात, कुठवर शिकवणार?" आई बोलली नाही. ती चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात प्लास्टिकच्या डब्यांचे पॅकिंग करायला जाऊ लागली होती. हातावर मोजून पैसे मिळत.

बाहेरून परीक्षा देणे हे वाईट नाही. पुष्कळांनी तसे करून पदवी मिळवली आहे. पण आमच्यासारख्या घरात, जिथे आईबापांपैकी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, तिथे मुलीला "घरी बसून अभ्यास कर" म्हणणे म्हणजे काय, हे घरातल्या बायका जाणतात. पाणी आले की ती उठते, पाहुणा आला की ती उठते, धाकटा रडला की ती उठते. पुस्तक उघडेच राहते आणि वर्ष मिटते. कॉलेजात जायला मिळणे म्हणजे दिवसाचे चार तास आपल्या नावावर होणे. ते चार तास मला सोडायचे नव्हते.

आमच्या गल्लीत एक काका होते. सरकारी कचेरीत कारकून. बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज १९४६ साली मुंबईत सुरू झाले. नोकरी करणाऱ्या गरीब मुलांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग भरत. काका अशाच सकाळच्या वर्गांत शिकून मग कचेरी गाठत आणि असे करत ग्रॅज्युएट झाले होते. बाबांनी त्यांना घरी बोलावले. काकांनी चहा घेतला, माझी गुणपत्रिका पाहिली आणि म्हणाले, "शिक्षण सोडायचा प्रश्नच नाही. कॉलेज बदलायचं. पण बदलताना तीन गोष्टी ध्यानात ठेव. नवीन कॉलेजने जागा दिली असं लेखी मिळेपर्यंत जुन्या कॉलेजचा दाखला काढायचा नाही. दुसऱ्या वर्षाला जागा आहे एवढं विचारून भागत नाही, तिसऱ्या वर्षाला तुझा विषय तिथे आहे का ते विचार. आणि शिष्यवृत्तीवाल्यांना न कळवता हलायचं नाही."

मला आज वाटते, पुढे जे झाले ते या तीन वाक्यांमुळे झाले.

सर्वांत जवळचे जे कॉलेज होते, तिथे एस.वाय.ला जागा होती. बाबा खूश झाले. पण मी तिसऱ्या वर्षाचे विषय विचारले, तेव्हा कळले की तिथे टी.वाय.ला इतिहास घेता येत नाही. मला इतिहासच घ्यायचा होता. तिथे प्रवेश घेतला असता तर वर्षभराने पुन्हा हीच वणवण, किंवा नको असलेल्या विषयात पदवी. म्हणून ते कॉलेज नाकारले. अंधेरीला एका कॉलेजात इतिहास होता आणि दुपारची तुकडी होती. कांदिवलीपासून चौथे स्टेशन. जवळ नव्हे, पण दिवसाउजेडी जाऊन दिवे लागायच्या सुमारास परत येता येत होते. तिथल्या ऑफिसने अर्जावर लिहून दिले, 'जुन्या कॉलेजचा दाखला व ना-हरकत आणल्यास जागा देता येईल', आणि खाली तारीख टाकली. मुदत आठ दिवसांची.

जुन्या कॉलेजात दाखल्याचा अर्ज केला, तर खिडकीतून उत्तर आले की मागच्या वर्षाची शिष्यवृत्ती अजून जमा झालेली नाही, तेव्हा फीची बाकी तीनशे ऐंशी रुपये भरा, मग दाखला. पैसे आल्यावर परत देऊ. वॉचमनच्या घरात, नवे पत्रे चढवलेल्या घरात, आठ दिवसांत तीनशे ऐंशी रुपये कुठून यायचे? दादाने उचल मागितली, मालकाने दिली नाही.

आई बारा बायकांच्या भिशीत होती. महिना पन्नास रुपये. त्या महिन्याचा नंबर शेजारच्या वहिनींचा होता. त्या मालवणकडच्या, आमच्या समाजाच्या नव्हेत. त्यांच्या घरावर निम्मे पत्रे आणि निम्मे प्लास्टिक होते आणि भिशीचे पैसे त्या पत्र्यांसाठीच होते. आईने त्यांच्याजवळ काही मागितले नव्हते. पाण्याच्या रांगेत त्यांच्या कानावर आले आणि संध्याकाळी त्या सहाशे रुपये घेऊन दारात आल्या. म्हणाल्या, "पत्रे महिन्याने घालू. पोरीची तारीख काय परत येणार हाय?" आईने आपला पुढचा नंबर त्यांना दिला. तो जुलै महिना त्या कुटुंबाने प्लास्टिकखाली काढला. माझ्या पदवीत त्या माउलीचा वाटा आहे, हे मी माझ्या मुलांनाही सांगून ठेवले आहे.

दाखला मिळाला, प्रवेश झाला. पण शिष्यवृत्तीचे दुखणे पुढे वर्षभर चालले. माझे नाव जुन्या कॉलेजच्या यादीत होते. नवे कॉलेज म्हणे, आमच्या यादीत तुमचे नाव नाही. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत तेव्हा अशी अट होती की शासनाच्या परवानगीवाचून शिक्षणसंस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. काकांनी आधीच अर्ज लिहून दिला होता आणि त्याची पोच मी जपून ठेवली होती म्हणून बरे. त्यातही एका टेबलावर माझ्या दाखल्यातला 'नवबौद्ध' हा शब्द पाहून विचारले गेले, "हे अनुसूचित जातीत कसं बसतं?" १९९० सालीच केंद्र सरकारने कायद्यात दुरुस्ती करून बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या होत्या, आणि महाराष्ट्रात तर राज्याच्या सवलती त्याआधीपासून होत्या. पण कायदा टेबलापर्यंत पोचायला वेळ लागतो. पाच खेपा झाल्या. पैसे उशिरा आले, पण आले. वहिनींचे पत्रे मात्र त्याच्या कितीतरी आधी चढले होते, कारण आईने भिशी एक महिनाही चुकवली नाही.

नव्या कॉलेजात पहिले दोन महिने कठीण गेले. वर्गात सगळ्यांच्या जोड्या आधीच जमलेल्या होत्या. डबा खायला कोणाजवळ बसावे कळत नसे. दादरला माझी एक मैत्रीण होती, आम्ही एकाच पुस्तकातून वाचायचो. ती सुटली ती सुटलीच. कॉलेज बदलण्यात काहीच जात नाही असे मी कोणाला सांगणार नाही. जाते. पण काही मिळतेही. माझा जाण्यायेण्यातला पाऊण तास वाचला, आणि तो मी कॉलेजच्या ग्रंथालयात बसू लागले. इतिहासाच्या बाईंनी एकदा विचारले, "रोज इथेच असतेस, घरी जागा नाही का?" मी म्हटले, "जागा आहे, बाई. दिवा नाही." त्यानंतर संदर्भाची पुस्तके त्या माझ्यासाठी बाजूला काढून ठेवू लागल्या.

टी.वाय.च्या वर्षी १९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत मुंबई पेटली. मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले. कितीतरी दिवस कोणीच घराबाहेर पडत नव्हते. कॉलेज अंधेरीला होते म्हणून शहर शांत होताच आई मला पुन्हा पाठवू शकली. दादरला असते तर त्या वर्षी मला घरातून निघू दिले असते की नाही, शंका आहे. १९९३ साली मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली. "पुष्कळ झालं" म्हणणारा दादाच लाडवांचा पुडा घेऊन गल्लीभर फिरला.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आपल्याकडे कॉलेज बदलणे हे हरल्यासारखे मानले जाते. 'जमलं नाही म्हणून सोडलं' असे लोक म्हणतात आणि आईबापही मान खाली घालतात. अशा वेळी मी त्यांना परमपूज्य बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन आठवून पाहायला सांगते.

बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली तिथे एम.ए. झाले. पुढच्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्क सोडून लंडन गाठले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. कोलंबियातले त्यांचे गुरू प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापकांना त्यांच्याविषयी पत्र दिले होते. म्हणजे एक विद्यापीठ सोडून दुसरीकडे जाताना बाबासाहेबांनाही ओळखीचे पत्र लागले. आणि लंडनलाही सलग शिकता आले का? नाही. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. तो महायुद्धाचा काळ. बोटीने वेगळी पाठवलेली त्यांची पुस्तके समुद्रात बुडाली. बडोद्यात राहायला जागा मिळेना, अपमान होऊन तेथून निघावे लागले.

पण लंडन सोडण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली होती. चार वर्षांच्या आत परत येऊन राहिलेले शिक्षण पुरे करण्याची परवानगी त्यांनी मिळवून ठेवली होती. ती परवानगी हाताशी होती म्हणून दार बंद झाले नाही. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांचे व मित्र नवल भथेना यांचे साहाय्य घेतले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. इकडे माता रमाई संसार ओढत होत्या. १९२१ साली एम.एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर, १९२३ साली डी.एस्सी. कोलंबियाची पीएच.डी. तर त्यांच्या हाती १९२७ साली आली, न्यूयॉर्क सोडून अकरा वर्षे झाल्यावर!

ज्या महामानवाच्या विद्वत्तेपुढे जग झुकले, त्यांचे शिक्षणही तीन ठिकाणी झाले, मधे तुटले आणि पुन्हा जोडले गेले. मग आपल्या लेकराने मालाडचे कॉलेज सोडून बोरिवलीचे धरले म्हणून लाज कसली? फक्त बाबासाहेबांनी सोडताना परतीची दोरी हातात ठेवली होती, ती आपण ठेवतो का, एवढेच पाहायचे.

तथागतांनी भिक्खूंना तराफ्याचा दृष्टान्त दिला होता. मज्झिम निकायातल्या अलगद्दूपम सुत्तात तो आहे. तराफा नदी पार करण्यासाठी असतो, डोक्यावर घेऊन मिरवण्यासाठी नसतो. तथागतांनी हे धम्माविषयी सांगितले, पण कॉलेजालाही ते लावून पाहावे. कॉलेज हा तराफाच आहे. त्याच्या नावाचा मोह धरून बुडायचे नाही. मात्र भर नदीत एक तराफा सोडायचा असेल तर दुसरा हाताशी आल्याशिवाय पहिल्यावरून पाय उचलायचा नाही.

आज काळ बदलला आहे. २०२२ पासून चारकोपजवळून मेट्रो धावते. कागदही बदलले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली स्पष्ट केले की विद्यार्थ्यांची मूळ गुणपत्रिका आणि मूळ दाखले कॉलेजांनी अडवून ठेवू नयेत. २०२१ साली 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' आली, म्हणजे मुलाने मिळवलेले श्रेयांक त्याच्या खात्यावर जमा राहतात आणि दुसरीकडे नेता येतात. हे चांगलेच झाले. पण श्रेयांक जमा आहेत म्हणजे जागा मिळालीच असे नव्हे. नव्या कॉलेजात त्या वर्गात जागा रिकामी असावी लागते आणि विषय जुळावे लागतात. स्वायत्त कॉलेजांचा अभ्यासक्रम त्यांचा स्वतःचा असतो, तेव्हा तिथून साध्या कॉलेजात येताना, किंवा उलट जाताना, कोणते विषय पुन्हा द्यावे लागतील हे आधीच विचारावे. विद्यापीठच बदलायचे असेल तर मायग्रेशनचा दाखला आणि पात्रता या दोन गोष्टी वाढतात. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग यांचे नियम तर वेगळेच, तिथे एकटे कॉलेज काही ठरवू शकत नाही.

केटी लागलेली असेल तर ती लपवू नये. किती विषय राहिले असता पुढच्या वर्षात बसता येते, हे दोन्ही कॉलेजांत विचारावे. अनुदानित तुकडी आणि विनाअनुदानित तुकडी यांच्या फीमध्ये मोठे अंतर असते. 'बी.कॉम. आहे ना' एवढ्यावर खूश होऊन पैसे भरू नयेत, तुकडी कोणती ते विचारावे. शिष्यवृत्तीचा अर्ज आता महाडीबीटीवर भरावा लागतो. त्या अर्जाची तपासणी कॉलेजमार्फत होते, म्हणून अर्जात जुने कॉलेज राहून गेले तर तो भलत्याच ठिकाणी अडकतो. कॉलेज बदलताच नव्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन, आणि तिथे दाद लागली नाही तर समाजकल्याण कार्यालयात जाऊन, काय करायचे ते विचारून घ्यावे आणि अर्ज दिल्यास त्याची पोच घ्यावी. तोंडी 'होऊन जाईल' यावर कधी विसंबू नये. काकांच्या तीन गोष्टी तीस वर्षांनंतरही तशाच्या तशा खऱ्या आहेत.

आता थोडे नाजूक बोलते. अंतर आणि पैसा यांपेक्षा वेगळ्या कारणानेही आपली मुले कॉलेज बदलू पाहतात. मोठ्या नावाच्या कॉलेजात गेलेली आमच्या वस्तीतली एक मुलगी मला म्हणाली, "मावशी, सगळे मला मार्क विचारत नाहीत, कोटा विचारतात." तिला तिथून निघायचे होते. तिचे वडील रिक्षा चालवतात. त्यांचे म्हणणे, "एवढ्या मोठ्या कॉलेजात जागा मिळाली ती कशी सोडायची? बाबासाहेबांनी काय सोसलं नाही?"

मी त्यांना म्हटले, "भाऊ, बाबासाहेबांनी सोसलं ते आपल्या लेकरांनी तेच पुन्हा सोसावं म्हणून नव्हे." २०१६ साली हैदराबादचा रोहित वेमुला गेला. २०१९ साली इथे आपल्या मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. अशी लेकरे गेल्यावर समाज रस्त्यावर येतो, मेणबत्त्या लावतो. पण त्याआधी घरी कोणीतरी शांतपणे ऐकून घेणारे हवे असते. अपमान होत असेल तर पहिले काम तक्रारीचे आहे. लेखी तक्रार, तारखेसह, एक प्रत घरी. कॉलेजला ती घ्यावी लागते. भांडायची ताकद असेल तर जरूर भांडावे, आपण पाठीशी उभे राहावे. पण लेकरू आतून मोडत चालले असेल, जेवत नसेल, झोपत नसेल, तर तिथून त्याला बाहेर काढणे हा पळपुटेपणा नाही. कॉलेज पुन्हा मिळते. तक्रार दुसऱ्या कॉलेजात बसूनही लढता येते. त्या मुलीने तक्रारही केली आणि पुढच्या वर्षी कॉलेजही बदलले. आज ती शिकते आहे, आणि हसते आहे.

याचा अर्थ कंटाळा आला की कॉलेज बदलावे असा नाही. मैत्रीण गेली म्हणून आपणही जायचे, एका विषयात नापास झाले म्हणून पळायचे, कॅन्टीन चांगले म्हणून तिकडे जायचे, अशी कारणे घेऊन कोणी आले तर मी त्यांना परत पाठवते. कारण सांगताना मुलाला आपल्या आईच्या डोळ्याला डोळा देता आला पाहिजे, ही माझी कसोटी आहे.

आणि आईबापांना एक विनंती. मूल "कॉलेज बदलायचंय" म्हणाले की लगेच "मग सोडूनच दे" म्हणू नका. रागाच्या भरात निघालेला हा शब्द मुलींच्या बाबतीत फार लवकर खरा होतो. तिचा दाखला घरच्या पत्र्याच्या पेटीत जाऊन पडतो आणि मग तिथेच राहतो. त्याऐवजी एवढेच विचारा: का बदलायचे, कुठे जायचे, आणि तिथे जागा लेखी मिळाली का? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की तिच्यासोबत एक दिवस खाडा करून त्या कॉलेजच्या खिडकीपर्यंत जा. आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून संकोचू नका. बाप किंवा आई शेजारी उभी आहे हे पाहिले की खिडकीतल्या माणसाची भाषाही बदलते, हा माझा अनुभव आहे.

ज्यांना हे कागद कळतात, त्या आपल्या शिकलेल्या बंधू-भगिनींनाही माझे सांगणे आहे. जून-जुलैत रविवारची वंदना झाल्यावर एक तास विहारात बसा. कोणाचा अर्ज लिहून द्या, कोणाची पोच तपासा. पत्र्यांसाठी जपलेले पैसे एका शेजारणीने माझ्यासाठी दिले, तीन वाक्ये एका काकांनी दिली, आणि एवढ्यावर एक घर शिकले. आपल्या वसाहतीत आज ग्रॅज्युएट कमी नाहीत. प्रत्येकाने एकेका लेकराचा हात धरला तर या वर्षी चारकोपमधले एकही मूल दोन कॉलेजांच्या मधल्या रस्त्यावर हरवणार नाही.

जयभीम!